अठराच्या आधीचं शून्य

अप्पांनी पहिला पाणउतारा केला तो माझ्या मामाचा. मामा विजापूर रोडवर व्यायामशाळा काढणार होता. उद्घाटनाला दाजींनी चार शब्द बोलावेत म्हणून तो पेढे घेऊन आला. अप्पांनी पेढा हातात घेतला, मामाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "चंद्रकांत, तू आमचा जिना चढून आलास की आधी पंखा शोधतोस. लोकांना काय शिकवणार तू? बसायला?"

मामा हसला. दाजी गंमत करतायत असं त्याला वाटलं.

"हसण्यासारखं मी काही बोललो नाही," अप्पा म्हणाले आणि पेढा परत खोक्यात ठेवला.

मामा गेल्यावर आई बराच वेळ स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. माझे वडील, मल्लिनाथ हत्तुरे, कुणाला टोचून बोलले हे आम्ही दोघींनीही आजवर ऐकलं नव्हतं. सोलापुरातल्या एका तंत्रनिकेतनात ते पहिल्या वर्षाच्या मुलांना संगणकाची सी भाषा शिकवायचे. तोपर्यंत हातानं प्रोग्राम लिहिणं जवळपास बंद झालं होतं. काय हवं ते यंत्राला तोंडी सांगायचं, प्रोग्राम तयार. सी अभ्यासक्रमात उरली होती, कारण ती काढून टाकण्यासाठी बैठक बोलवायची तसदीही कुणी घेतली नव्हती. वर्गात मुलं झोपायची आणि अप्पा आवाज न चढवता शिकवत राहायचे.

त्यांना अनेक वर्षं नैराश्याचा आजार होता. ते स्वतःबद्दल म्हणायचे, "मला माझीच किळस येते." ते अक्षरशः खरं निघालं. आपल्या मेंदूत कानाच्या वरच्या बाजूला, आत दुमडलेली एक घडी असते. नासलेल्या दुधाचा घोट तोंडात गेला की तो थुंकायला लावते ती हीच घडी. डॉक्टर कल्याणशेट्टींनी आम्हाला चित्र काढून समजावलं होतं: काही माणसांत ही घडी दूध सोडून माणसांवर चालते. अप्पांच्यात ती अप्पांवर चालत होती. त्यावर 'सुमन' नावाचं यंत्र निघालं होतं. तांदळाच्या दाण्याएवढं टोक त्या घडीपाशी बसवायचं, त्याची बॅटरी गळ्याखालच्या हाडाजवळ कातडीखाली ठेवायची, आणि टोकातून बारीक विद्युत स्पंद सोडून घडी शांत करायची. स्पंद किती जोरात, हे एका आकड्यानं ठरायचं. अप्पांचा आकडा हळूहळू वाढवत डॉक्टरांनी अठरावर आणला, आणि अठरावर अप्पा पहिल्यांदा आरशात बघून दाढी करायला लागले.

दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग मामाचा पेढा खोक्यात परत गेला.

त्यानंतर एकेकाची पाळी येत गेली. शेजारच्या बिराजदार काकांना अप्पांनी सांगितलं की ते देवळात जातात ते चपला मोजायला. त्यांच्याच विभागप्रमुखांना भर बैठकीत म्हणाले, "तुम्हाला यंत्रानं काढलं नाही याचं एकच कारण आहे. तुम्ही काय करता हे यंत्राला शोधता आलं नाही." गंमत अशी की ते अतिशय नीट, शांत आवाजात बोलायचे. चिडलेल्या माणसाला समजावता तरी येतं. अप्पा चिडलेले नव्हतेच. बुटाला लागलेलं काहीतरी बघावं तसे ते आमच्याकडे बघायचे.

आई कविता करायची. तिच्या महिला मंडळात दर महिन्याला ती एक वाचायची आणि त्याआधी अप्पांना ऐकवायची. दोन वर्षं त्यांनी प्रत्येक कवितेला "छान" म्हटलं होतं. त्या रविवारी तिनं जाईवरची कविता वाचली. अप्पांनी पूर्ण ऐकून घेतली.

"महानंदा," ते म्हणाले, "लग्न झाल्यापासून तू एकच कविता लिहितेस. फक्त फूल बदलतेस."

आईनं कागद घडी केला. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. तिला ते पटलेलं दिसत होतं.

आम्ही डॉक्टरांकडे गेलो. कल्याणशेट्टींनी दवाखान्यातला पडदा आमच्याकडे वळवला. "आकडा बघा. शून्य एक आठ. यंत्र व्यवस्थित चालू आहे. पन्नाशीच्या आसपास माणसांचे स्वभाव बदलतात हो वहिनी."

कंपनीच्या मदत-क्रमांकावर एका गोड यंत्राचा आवाज होता. त्याला मी तीन वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं की माझे वडील बदललेत. तिन्ही वेळा त्यानं माझे आभार मानले. शेवटी एक जाहिरात ऐकवली: सुमनच्या नव्या आवृत्तीत बॅटरी आता कित्येक पटींनी जास्त टिकते.

मी त्या वर्षी अभियांत्रिकीला प्रवेश घेतला होता आणि योगायोग म्हणा, मलाही पहिल्या सत्रात सी होती. गृहपाठ जुनाच, पिढ्यान् पिढ्या चालत आलेला: वापरणाऱ्याकडून एक संख्या घ्या आणि ती दोनच्या, आठच्या आणि सोळाच्या पायात लिहून दाखवा. वर्गातल्या सगळ्यांनी तो यंत्राकडून लिहून घेतला. मी हातानं लिहिला. अप्पांशी बोलायला काहीतरी विषय हवा होता, हे खरं कारण.

प्रोग्राम चालायचा. पंधरा दिले की आठच्या पायात सतरा यायचे, म्हणजे एक आठ नि वर सात; शंभर दिले की एकशे चव्वेचाळीस. मग मी गंमत म्हणून माझी जन्मतारीख टाकली. तारीख नऊ, म्हणून सवयीनं शून्य नऊ लिहिलं. उत्तर आलं: शून्य. पुन्हा टाकलं. पुन्हा शून्य. मी अप्पांना हाक मारली.

ते आले, उभ्याउभ्याच पडद्यावर नजर टाकली आणि त्यांच्या ओठाचा एक कोपरा वर गेला. त्या कोपऱ्याची मला तोवर भीती वाटायला लागली होती.

"हे तू लिहिलंस?"

"हो अप्पा."

"वाटलंच. यंत्रानं लिहिलं असतं तर निदान दुसऱ्याच्या मूर्खपणाला नाव ठेवता आलं असतं." त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "संख्या कशी वाचायची ही खूण इथे द्यायची असते. टक्का डी लिहायचं सोडून टक्का आय लिहिलंयस. का?"

"दोन्ही सारखंच ना? पूर्णांकच वाचायचाय."

"सारखंच!" त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी खुर्चीत लहान झाले. "टक्का डी दहाच्या पायात वाचतं. शून्य पुढे असलं काय नि नसलं काय, त्याला फरक पडत नाही. टक्का आय शहाणपणा करतं. समोर शून्य दिसलं की ते समजतं, ही संख्या आठच्या पायात लिहिलीय. आठच्या पायात अंक कुठपर्यंत असतात? की तेही तुझ्या कॉलेजात शिकवत नाहीत?"

"शून्य ते सात."

"मग नऊ हा तिथे अंकच नाही. ते शून्य वाचतं, पुढे नऊ दिसतो, आणि तिथेच थांबतं. हातात काय उरलं? शून्य. तक्रार करत नाही, चूक दाखवत नाही. चूक दाखवण्याइतकी तुझी लायकी आहे असं त्याला वाटत नसावं. मी वीस वर्षं हे शिकवलं, आणि माझ्याच घरात हे निपजलं."

ते निघून गेले. मी रडले, आणि रडतारडता मला त्यांचा इतका तिरस्कार वाटला की मी हॉस्टेलवर राहायला जायचं ठरवलं. आईलाही सांगितलं. ती "जा" म्हणाली, आणि तेही मला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॅग भरत होते. आई अप्पांच्या सुमनची घरातली पेटी पुसत होती. खिशात मावेल एवढी ती पेटी रोज सकाळी आकडा पुन्हा मेंदूतल्या टोकाकडे पाठवायची. तिच्या खिडकीत तीन अंकांची जागा होती. खिडकीत लिहिलं होतं: ०१८.

मी बॅग तिथेच सोडली.

"आई, हे आधीचं शून्य कायमच होतं का?"

"असेल. का गं?"

मी पलंगावर बसून मनातल्या मनात करून पाहिलं. शून्य, म्हणजे आठचा पाया. एक, चालेल. आठ, हा अंकच नाही, थांबा. हातात उरला एक. अठराच्या जागी एक. म्हणजे ती घडी जवळपास मोकळी सुटली होती, फक्त या वेळी अप्पांना सोडून आमच्यावर चालत होती. आणि पडद्यावर तर ०१८ च दिसत राहणार, कारण पडदा लिहिलेला आकडा दाखवतो. आत काय पोचलं ते तो सांगत नाही.

"आई, अप्पांची बॅटरी शेवटची कधी भरलीस?"

आई विचारात पडली. पूर्वी ती दर सोमवारी अप्पांच्या गळ्याखाली चार्जरची चकती धरून बसायची. "हल्ली भरावीच लागत नाही गं. चकती लावली की पूर्ण भरलेलीच दाखवते. यंत्रात आपोआप नवीन आवृत्ती आल्यापासून. जाहिरातीत सांगतात ना ते, जास्त टिकते म्हणून."

टिकणारच. अठरा पावलं चालणाऱ्याला एक पाऊल चालायला लावलं तर त्याच्या चपला टिकतातच. आणि कंपनीतल्या कुणालाही, शेकडो रोग्यांच्या बॅटऱ्या एकाएकी टिकायला लागल्यावर, का म्हणून विचारावंसं वाटलं नाही. त्यांनी त्याची जाहिरात केली! पुढे कळलं ते असं: जुना प्रोग्राम कुणा माणसानं लिहिला होता आणि तो बरोबर होता. नवा यंत्रानं लिहिला, दुसऱ्या यंत्रानं तपासला, आणि गलेलठ्ठ पगार घेणाऱ्या माणसांनी न वाचता मंजूर केला.

डॉक्टर कल्याणशेट्टींनी माझं ऐकून घेतलं ते एखाद्या लहान मुलीनं काढलेलं चित्र बघावं तसं. पण बॅटरीचं सांगितल्यावर त्यांनी संगणक उघडला, मागच्या महिन्यांचा वीजवापर काढला. दोन महिन्यांपूर्वी त्याची रेघ एकदम खाली पडलेली होती.

"कंपनीला कळवतो," ते म्हणाले. "ते दुरुस्ती पाठवतील."

"कधी?"

"ते त्यांच्यावर आहे."

"तोवर थांबायची गरज नाही," मी म्हटलं. "ते आठच्या पायात वाचतंय ना? मग आपण आठच्या पायात लिहू. अठराला आठनं भागलं की भागाकार दोन, बाकी दोन. शून्य दोन दोन लिहिलं की आत अठरा जातील."

"आणि तुझा अंदाज चुकला तर आत खरोखरच बावीस जातील. झटके येऊ शकतात." त्यांनी चष्मा काढला. "शिवाय रोग्याची संमती लागेल. सर शुद्धीवर आहेत, स्वतःचं ठरवू शकतात. ते म्हणतायत की ते बरे आहेत."

ते खरंच तसं म्हणत होते. घरी आईनं विषय काढला तेव्हा अप्पा पेपर खाली न ठेवता म्हणाले, "मला माझी किळस येत नाहीये. तुमची येते. हा सौदा मला मान्य आहे."

आई समजावत राहिली. मामाचं सांगितलं, लोक काय म्हणतात ते सांगितलं. अप्पांनी पान उलटलं. मग मी म्हटलं, "अप्पा, तुमच्या डोक्यातल्या प्रोग्राममध्ये टक्का आय आहे."

पेपर खाली आला.

"काय म्हणालीस?"

मी सगळं सांगितलं. तीन अंकांची खिडकी, पुढचं शून्य, नवी आवृत्ती, न संपणारी बॅटरी. अप्पांचा चेहरा बदलत गेला. जो तुच्छ कोपरा आमच्यासाठी वर जायचा तो आता कुठेतरी दूर, काचेच्या इमारतीत बसलेल्या माणसांकडे बघून वर गेला.

"माझ्या डोक्यात," ते सावकाश म्हणाले, "कुणा गाढवानं पहिल्या सत्राची चूक केलीय? नापास करतो मी ह्या चुकीला. आणि तिच्यावर मी दोन महिने जगतोय?" ते उठून उभे राहिले. "एक जातोय आत. अठराचा एक. बावीस लिहायला हवं."

"डॉक्टर घाबरतायत."

"घाबरणारच. भागाकार आला त्यात."

दवाखान्यात संमती देताना त्यांनी कल्याणशेट्टींना सांगितलं, "शून्य दोन दोन. हात थरथरत असेल तर माझ्या मुलीला दाबू द्या. तिचा प्रोग्राम भिकार आहे, पण तिनं निदान तो लिहिला." माझी त्या वर्षातली ती सर्वांत मोठी शाबासकी होती.

मग ते आईकडे वळले. डॉक्टरांचं बोट कळीवर होतं.

"महानंदा, उद्यापासून मी पुन्हा तुझ्या कवितांना छान म्हणायला लागेन. विश्वास ठेवू नकोस."

झटके आले नाहीत. वीजवापराची रेघ उडी मारून पूर्वीच्या जागी गेली. दोन-तीन दिवसांत अप्पांची नजर मऊ झाली, आणि मग त्यांना एकेक बोललेलं आठवायला लागलं. त्यांनी मामाला घरी बोलावून हात जोडले. बिराजदार काकांच्या दारात जाऊन उभे राहिले. माझी अर्धवट भरलेली बॅग त्यांनी स्वतः रिकामी केली. आईची माफी मागायला आले तेव्हा ती म्हणाली, "राहू द्या. बरोबर बोललात तुम्ही." तिनं त्यानंतर फुलांवर लिहिलं नाही.

कंपनीचा माणूस आला तो यानंतर. तन्मय भादुले त्याचं नाव. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात गुच्छ, सोबत कॅमेरा. सोफ्यावर बसताबसता त्यानं "सरांच्या हिमतीला सलाम" वगैरे केलं. दुरुस्ती सगळीकडे पाठवल्याचं सांगितलं; आमच्याकडे ती आली तेव्हाच डॉक्टरांनी आकडा परत ०१८ केला होता. चुकीला तो 'छोटासा विसंवाद' म्हणत होता.

"सरांनी फक्त दोन वाक्यं बोलायचीत," तो म्हणाला. "की सुमनमुळे तुमचं आयुष्य बदललं. आणि मध्ये जो त्रास झाला तो घरच्या पेटीत आकडा चुकीच्या पद्धतीनं भरल्यामुळे झाला. सी शिकवणारा माणूस सांगतोय म्हटल्यावर लोकांचा विश्वास बसेल."

"आकडा बरोबर भरला होता," मी म्हटलं.

"तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर पुढचं शून्य वापरणाऱ्याच्या बाजूनं आलं होतं."

"शून्य तुमच्या खिडकीनं भरलं होतं."

तो माझ्याकडे बघून हसला. मला हे हसू ओळखीचं होतं, फक्त अप्पांच्या हसण्यामागे अक्कल असायची.

"लातूरच्या बाईंचं काय?" मी विचारलं. डॉक्टरांनीच मला सांगितलं होतं. त्या बाईंचा आकडा एकोणीस होता, म्हणजे आत एक. त्यांच्या बाबतीत किळस बाहेर वळली नाही, स्वतःवरच परतली. त्यांनी विहीर जवळ केली.

"तो विषय वेगळा आहे. त्यांचा इतिहास होता." भादुलेनं कॅमेऱ्याचा दिवा लावला. "सर, सुरू करूया?"

मी अप्पांकडे पाहिलं. ते नमस्कारासारखे जोडलेले हात मांडीवर ठेवून बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर भादुलेला मदत करायची खरीखुरी इच्छा होती.

"काय बोलायचं ते परत एकदा सांगता का?" त्यांनी नम्रपणे विचारलं. "नाही म्हणजे, तुम्ही इतक्या लांबून आलात."

भादुलेनं सांगितलं. अप्पांनी कॅमेऱ्याकडे बघून सुरुवात केली, "मी मल्लिनाथ हत्तुरे. सुमनमुळे माझं आयुष्य बदललं. मध्यंतरी आमच्या घरच्या पेटीत..."

आई उठली आणि कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. तिच्या पदरानं कॅमेऱ्याची सगळी काच झाकली गेली.

"उठा," ती भादुलेला म्हणाली.

"मॅडम, फक्त एक मिनिट..."

"तुमच्या कंपनीत पहिल्या वर्षाची चूक पकडणारा एकही माणूस नाही, आणि खोटं बोलायला मात्र इस्त्री केलेला माणूस आहे. माझ्या नवऱ्याला राग येत नाही म्हणून तुम्ही त्याच्याकडे आलात. लातूरला जायची छाती झाली नाही तुमची. ही फुलं उचला. घरात वास येतो त्यांचा."

भादुले गेला. अप्पा अजून तसेच बसले होते, गोंधळलेले. "महानंदा, तो बिचारा नोकरी करतो," ते म्हणाले. आणि मग स्वतःचंच वाक्य ऐकल्यासारखे थांबले. माझ्याकडे वळून म्हणाले, "ती बाई गेली हे मी ऐकलं. मला समजलं. आणि तरी मी त्याचं वाक्य म्हणत होतो. मला काहीच झालं नाही, ईश्वरी. काहीच कसं झालं नाही?"

दुसऱ्या दिवशी ते एकटे कल्याणशेट्टींकडे गेले. डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. अप्पा समोर बसले आणि विचारलं, "तुमच्या या यंत्रात माणसाला चीड येईल असा आकडा कोणता?"

"सर, आकडा खाली आणला तर तुमचा जुना त्रासही थोडा परत येईल. नेमकं कुठे थांबायचं हे कुणाला ठाऊक नाही."

"शोधू," अप्पा म्हणाले.

शोधायला पावसाळा गेला. आठवड्या-आठवड्यानं आकडा एकेक पायरी खाली आला. एक दिवस जेवताना अप्पांनी भाकरी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "हरामखोर." आम्ही दोघी दचकलो. "तुम्ही नाही," ते म्हणाले. "तो. गुच्छवाला." आईनं उठून डॉक्टरांना फोन केला की इथेच थांबा.

त्या आठवड्यात अप्पांनी तंत्रनिकेतनातल्या फळ्यासमोर उभं राहून स्वतःचा कॅमेरा लावला. टक्का डी, टक्का आय, पुढचं शून्य, आठचा पाया, अठराचा एक, एकोणीसचा एक, आणि ती न संपणारी बॅटरी, सगळं खडूनं लिहून सांगितलं. लातूरच्या बाईंच्या घरच्यांची परवानगी घेऊन त्यांचंही सांगितलं. शेवटी म्हणाले, "ही चूक करणाऱ्या मुलाला मी शून्य देतो आणि पुन्हा लिहायला लावतो. हिला 'विसंवाद' म्हणणाऱ्याला मी वर्गात बसू देत नाही." देशभरातून सुमनवाले रोगी आपापल्या बॅटऱ्या तपासायला लागले. कंपनीचा खुलासा आला, मग दुसरा खुलासा, मग चौकशी. भादुले दुसऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर गेल्याचं ऐकलं. अशा माणसांचं तसंच होतं.

अप्पांना त्रास होतो. अंधारून येणारे दिवस परत आलेत, पूर्वीइतके नाहीत, पण आहेत. गेल्या दिवाळीला मी घरी गेले तेव्हा ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी शेजारी बसले.

"आकडा वाढवायचा का अप्पा?"

"नको." ते कुशीवर वळले. "सकाळी जाग आली की पहिल्यांदा माझीच किळस येते. पडून राहतो. मग त्या भादुलेची येते." ते कोपरावर रेटा देऊन उठून बसले आणि चपला शोधायला लागले. "आणि मग उठता येतं."